नागपूरच्या उन्हात ३२८आयचा एअर इनटेक : उघडा कोन लावावा, की आहे तोच डबा सुधारावा?

वर्धारोड_३२८

गाडी बीएमडब्ल्यू ३२८आय, एफ३० बॉडी, एन२० पेट्रोल टर्बो, २४५ अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर. ट्यून केलेली (ताकद वाढवायला प्रोग्राम बदललेली) नाही, टर्बोनंतर दाबाची हवा नेणारा चार्ज पाइपही कंपनीचाच. वापर निम्मा शहरात, निम्मा समृद्धीवर.

तीन पर्याय समोर आहेत : उघडा कोन (डब्याशिवाय बसणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर), फिल्टरसाठी बंद कार्बन डबा, किंवा कंपनीच्याच डब्यात धुता येणारा फिल्टर. आवाजासाठी काहीच करायचं नाही. मे महिन्यात दुपारी सिग्नलवरून निघताना गाडी जड वाटते, ते कमी व्हावं एवढंच. जाणकारांनी शक्यतो आकड्यांत सांगावं.

मॅनोमीटर

भाऊ, आकड्यांतच घ्या.

२४५ अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरात सेकंदाला साधारण १९० ते २०० ग्रॅम हवा लागते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, म्हणजे हवेचा दाब अंदाजे ९७ किलोपास्कल. ४५ अंशांना या दाबाची एक घनमीटर हवा १.०६ किलो भरते. २०० ग्रॅम म्हणजे झाले सेकंदाला १८८ लिटर. ७६ मिमी आतल्या व्यासाच्या पाइपातून ही हवा सेकंदाला ४१ मीटर वेगाने जाते, म्हणजे ताशी जवळपास १५० किमी.

या वेगाला हवेचा गतिज दाब ९०० पास्कल येतो. गुळगुळीत, मोठ्या त्रिज्येचं वळण त्यातला पाव हिस्सा खातं, काटकोनी चिरलेलं वळण जवळपास सगळा. म्हणजे एक वाईट वळण सुधारलं तर फार तर ७०० पास्कल वाचतात. एकूण दाबाच्या तुलनेत ते ०.७ टक्का आहे. तोंडापासून टर्बोपर्यंत सगळा मार्ग धरला तरी धडधाकट गाडीत नुकसान दोन-तीन किलोपास्कलच्या घरात असतं, म्हणजे दोन-तीन टक्के. कोनवाले जे काही वाचवतील ते या दोन-तीन टक्क्यांतूनच.

आता तापमान बघा. २० अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा आठ टक्क्यांनी विरळ असते. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ नोंदलं गेलं होतं, ते तर बाहेरच्या सावलीतलं. गाडी उभी असताना बोनेटखाली त्यात आणखी भर पडते. कोन रेडिएटरच्या मागे उघडा ठेवला आणि तो ४५ ऐवजी ६० अंशांची हवा ओढू लागला, की साडेचार टक्के हवा तिथंच गेली. वाचवायला गेलो दोन टक्के, गमावले साडेचार.

कूलर आपण खिडकीबाहेर का लावतो? खोलीतलीच दमट हवा फिरवली तर काही उपयोग होत नाही म्हणून. इनटेकचंही तसंच आहे. फिल्टर कुठल्या कंपनीचा हा नंतरचा प्रश्न. तो हवा कुठून घेतो हे आधी बघायचं.

बूस्ट_कामठीरोड

हिशेब बरोबर आहे, पण टर्बो गाडीत तो एवढा सरळ लागत नाही. मॅनिफोल्डमध्ये (सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या भागात) ठरलेला दाब येईपर्यंत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, टर्बोला जास्त फिरवतो. विरळ हवेची तूट बरीचशी तिथं भरून निघते. शिवाय मध्ये टर्बोतून निघालेली हवा थंड करणारा इंटरकूलर आहे. आत येणारी हवा १५ अंशांनी गरम असली तरी इंटरकूलरनंतर फरक चार-पाच अंशांचाच उरतो. सगळा दोष कोनावर टाकू नका.

मॅनोमीटर

मुद्दा रास्त आहे, म्हणून तोही हिशेबात घेतो.

टर्बोच्या तोंडाशी ९७ किलोपास्कल आणि मॅनिफोल्डला २०० हवेत असं धरू. दाबाचं गुणोत्तर २.०६. टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ४५ अंशांची हवा टर्बोतून १४९ अंशांवर बाहेर पडते. इनटेक चोंदल्यामुळे तोंडाशी ९७ ऐवजी ९४ मिळाले तर गुणोत्तर २.१३ होतं आणि बाहेर पडणारी हवा १५४ वर जाते. आणि इनटेक मोकळा, पण हवा ६० अंशांची असेल, तर १६९.

अडथळ्यामुळे पाच अंश, गरम हवेमुळे वीस. इंटरकूलर दोन्हींना सारख्याच प्रमाणात आवळतो, त्यामुळे दोघांतलं नातं बदलत नाही. आणि धागाकर्त्याची तक्रार सिग्नलवरून निघण्याची आहे. त्या वेळी समोरून वारा नसतो, इंटरकूलर स्वतःच तापलेला असतो, तेव्हा चार-पाच अंशांचे दहा-बारा व्हायला वेळ लागत नाही. मग ईसीयू नॉकच्या (पेट्रोल अवेळी भडकण्याच्या) भीतीने इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. एन२० चं कॉम्प्रेशन १०:१ आहे, त्यामुळे त्याला इग्निशन मागे घ्यावंच लागतं. गाडी जड वाटते ती याने.

बूस्ट_कामठीरोड

हे मान्य. उभ्या गाडीत इंटरकूलर वाचवत नाही.

वर्धारोड_३२८

मग माझ्या गाडीत अडथळा किती आणि उष्णता किती, हे ठरवायचं कसं? डायनोवर (ताकद मोजायच्या रोलर यंत्रावर) नेल्याशिवाय समजेल का?

मॅनोमीटर

डायनोपेक्षा पाण्याची नळी बरी. डायनोवर पंखा गाडीसमोर उभा करतात, रस्त्यावरचा वारा आणि बोनेटखालची खरी उष्णता तिथं मिळत नाही.

लागणारं सामान : मत्स्यालयाच्या दुकानात मिळते ती ४ मिमी पारदर्शक नळी पाच मीटर, रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) तीन, अर्ध्या लिटरची जाड प्लास्टिकची बाटली, मीटरपट्टी चिकटवलेली प्लायची पट्टी, आणि पाण्यात घालायला निळ्या शाईचे दोन थेंब.

नळीचा इंग्रजी यू आकार करून पट्टीवर बसवा. प्रत्येक बाजू निदान ५० सेंमी उंच हवी, कारण ३ किलोपास्कल म्हणजे ३० सेंमीहून थोडं जास्त पाणी. अर्धी उंची भरेल एवढं रंगीत पाणी घाला. यूच्या एका टोकाची नळी बाटलीच्या झाकणातून आत जाते, दुसरी नळी झाकणातून निघून इंजिनाकडे जाते. ही बाटली म्हणजे सापळा. ओढ अंदाजापेक्षा जास्त निघाली तर पाणी बाटलीत पडेल, टर्बोत जाणार नाही. बाटलीशिवाय हा प्रयोग करायचाच नाही.

दाब तीन ठिकाणी मोजायचा. पहिलं, फिल्टरच्या आधी, डब्याच्या धुळीच्या बाजूला. दुसरं, फिल्टरनंतर डब्याच्या झाकणात, मॅफ सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) आधी. तिसरं, टर्बोच्या अगदी तोंडाजवळच्या होजमध्ये. भोक भिंतीला काटकोनात पाडायचं, आतली कड कागदाने घासून सपाट करायची. कड उभी राहिली तर वारा तिच्यावर आदळून खोटा आकडा देतो. होजला भोक पाडायचं नसेल तर तिसरी जागा सोडा, दोनवरही पुष्कळ कळतं. डब्याला भोकं पाडताना डबा गाडीतून काढून, फिल्टर बाहेर ठेवून पाडा आणि कीस पूर्ण पुसून घ्या. काम झाल्यावर झाकणातलं भोक ग्रोमेट आणि बुचाने पक्कं बंद करायचं, कारण ते स्वच्छ बाजूचं आहे.

नळी बोनेटच्या मागच्या कोपऱ्यातून शेजारच्या सीटकडे आणा. काचा बंद, ब्लोअर बंद. काच उघडी असली की केबिनमधला दाबच हलतो आणि पाणी नाचत राहतं. शेजारी बसलेल्याने मोबाइलवर पट्टीचं चित्रीकरण करायचं. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक मिमीत मोजा, ९.८ ने गुणा, पास्कल मिळाले.

तिसऱ्या गियरमध्ये मॅन्युअल मोडला २,००० ते ५,५०० फेऱ्या. या गाडीत तेवढ्याने वेग १२० च्या आतच राहतो, त्यामुळे समृद्धीच्या मर्यादेतही बसतं. पहाटे, मोकळ्या सरळ पट्ट्यावर करा. चालवणाऱ्याने पट्टीकडे बघायचं नाही.

मग वजाबाकी. पहिला आकडा म्हणजे स्नॉर्कलचा, बाहेरची हवा डब्यात आणणाऱ्या नळकांड्याचा, अडथळा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की फिल्टरचा. तिसऱ्यातून दुसरा वजा केला की मॅफ आणि पाइपाचा. एकूण २.५ किलोपास्कलच्या आत असेल तर पाइपांना हात लावू नका, पैसे इंटरकूलरसाठी ठेवा. निम्म्याहून जास्त वाटा पहिल्याचा निघाला तर स्नॉर्कल मोठा करा. फिल्टरचा वाटा मोठा निघाला तर आधी नवा कागदी फिल्टर घालून पुन्हा मोजा, लगेच ब्रँड बदलू नका.

हिंगणा_फॅब्रिकेशन

फारच उपयोगी. एक जोड देतो. उष्णतेसाठी ओबीडीवरचे (गाडीच्या निदान सॉकेटवरचे) तीन आकडे एकाच वेळी लॉग करा : बाहेरचं तापमान, मॅफमधलं इनटेक तापमान आणि इंटरकूलरनंतरचं चार्ज तापमान. बाहेरचं आणि मॅफचं यांतला फरक म्हणजे डब्याचा दोष. मॅफचं आणि चार्जचं यांतला फरक बघून इंटरकूलरची स्थिती कळते.

पण उभ्या गाडीतल्या आकड्यावर निकाल देऊ नका. निष्क्रिय फेऱ्यांवर हवा सेकंदाला तीन-चार ग्रॅमच वाहते, तेव्हा सेन्सर हवेपेक्षा स्वतःच्या तापलेल्या कवचाचंच तापमान सांगतो. २०२४ च्या मे अखेरीस नागपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, हवामान खात्याने नंतर सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. गाडीतही असंच फसायला होतं. गाडी निघाल्यानंतर आकडा उतरायला किती सेकंद लागतात ते मोजा. डबा चांगला असेल तर २०-३० सेकंदांत बाहेरच्या तापमानाच्या पाच-सात अंशांवर येतो. उघडा कोन शहरात पुढचा सिग्नल येईपर्यंत उतरतच नाही.

ईस्ट_एमएच४९

पाइपावर सोनेरी उष्णतारोधक टेप गुंडाळतात, त्याचा उपयोग होतो का? आणि ॲल्युमिनियमचा पाइप तापून हवा गरम करतो असं म्हणतात, ते खरं का?

हिंगणा_फॅब्रिकेशन

पूर्ण जोरात नाही. साठ सेंमी पाइप हवा ०.०१५ सेकंदात पार करते. तेवढ्यात भिंतीची उष्णता घ्यायला तिला वेळच मिळत नाही, पाइप ॲल्युमिनियमचा असो की प्लास्टिकचा. गर्दीत मात्र हवा त्याच पाइपात पाऊण सेकंद रेंगाळते, तिथं धातू आणि प्लास्टिकचा फरक दिसतो. टेप लावायचीच तर पाइपावर नको. डब्याच्या इंजिनाकडच्या भिंतीला आणि स्नॉर्कलच्या खालच्या बाजूला, रेडिएटरसमोर येणाऱ्या भागावर लावा.

मॅफवाला

धाग्यात अजून कोणी मॅफबद्दल बोललं नाही, आणि बहुतेक गाड्या तिथंच बिघडतात. एन२० मध्ये हॉट-फिल्म मॅफ आहे. हा सेन्सर पाइपातली सगळी हवा मोजत नाही. आपल्या छोट्याशा खिडकीतून जाणारी हवा मोजतो आणि एकूण किती हे पाइपाचा व्यास ठरलेला आहे असं गृहीत धरून सांगतो.

म्हणून मॅफ बसतो त्या जागेचा आतला व्यास कंपनीएवढाच ठेवा. ७६ चा ८० केला तर क्षेत्रफळ १०.८ टक्क्यांनी वाढतं. तेवढीच हवा आता हळू जाते, सेन्सर साधारण १० टक्के कमी सांगतो, पेट्रोल तेवढं कमी पडतं आणि ईसीयू ट्रिम (पेट्रोलच्या प्रमाणातली आपोआप होणारी दुरुस्ती) वाढवून ती तूट भरतो. ट्रिम कुठं थांबते यावर पुढचं अवलंबून : आधी इंजिन लाइट, मग दोषकोड पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) किंवा पी०१०१ (मॅफचा आकडा जुळत नाही). पूर्ण जोरात तर लोडचा, म्हणजे इंजिनावरच्या भाराचा, अंदाजच चुकतो आणि इग्निशनची वेळही ईसीयूच्या तक्त्यातल्या चुकीच्या खणातून निवडली जाते. आतला व्यास व्हर्नियरने मोजा, जाहिरातीतला बाहेरचा व्यास धरू नका. २ मिमी जाडीचा पाइप बाहेरून ८० म्हणजे आतून ७६.

सेन्सरच्या आधी जितका सरळ पाइप मिळेल तितका चांगला. जागा नसल्याने तो बहुधा मिळत नाहीच, म्हणून कंपनीने मॅफच्या आधी जाळी दिली असेल तर ती काढू नका. मोकळी हवा मिळावी म्हणून जाळी कापतात, आणि मग निष्क्रिय फेऱ्या डुलतात. वळणानंतर हवा एका बाजूला दाटते, जाळी ती सारखी करते. सेन्सरवरचा बाण हवेच्या दिशेने. सेन्सर काढताना आतल्या फिल्मला बोट, कापूस, ब्रश काहीच लावायचं नाही. फक्त मॅफसाठीचा स्प्रे, आठ-दहा फवारे, आणि पंधरा मिनिटं वाळवणं. कार्ब क्लीनर नको, त्याने फिल्मवरचा थर जातो.

लोहाओळी_क्लिप

मॅफवाला भाऊंच्या म्हणण्यात गळतीचं निदान जोडतो. ट्रिम नुसती वाढली म्हणून भागत नाही, ती कुठं वाढली ते बघावं लागतं.

सगळ्या लोडवर सारख्याच प्रमाणात वाढली असेल तर व्यास चुकला किंवा मॅफ मळका आहे. लोड वाढेल तशी ट्रिम वाढत असेल तर मॅफ आणि टर्बो यांच्यामधला जोड चोरटी हवा घेतोय. तिथं निष्क्रिय फेऱ्यांवर ओढच नसते, जोरात असते. म्हणूनच गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर ही गळती सापडत नाही आणि मिस्त्री म्हणतो, गाडी ओके. याउलट टर्बोनंतर दाबाच्या बाजूचा पाइप फुटला असेल तर मोजलेली हवा बाहेर जाते, मिश्रण गडद होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), फुस्स असा आवाज येतो. एन२० चा प्लास्टिकचा चार्ज पाइप ट्यूननंतर तडकतो, तेव्हा हीच लक्षणं.

एन२० मध्ये व्हॅल्व्हट्रॉनिक (व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडून हवा आवरणारी रचना) असल्याने मॅनिफोल्डमध्ये नेहमीच्या पेट्रोल गाडीसारखी जोरदार ओढ नसते. त्यामुळे निष्क्रिय फेऱ्यांवर कानाने किंवा स्प्रे मारून गळती शोधायच्या जुन्या सवयी इथं फसवतात. धूर चाचणीच करा, म्हणजे पाइपांत धूर भरून तो कुठून निघतो ते बघा. इनटेकच्या तोंडाला बूच, अर्धा ते एक पीएसआय दाब, त्याहून जास्त नाही, जास्त दाबाने क्रँकची ऑइल सील जागा सोडते. धूर बघायची ठिकाणं : मॅफचं ओ-रिंग, डब्याच्या झाकणाची कड, क्रँककेस व्हेंटचा (इंजिनाच्या तळातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीचा) जोड, टर्बोच्या तोंडाचा होज.

क्रँककेस व्हेंट हा शब्द पाइप बनवायला देताना कागदावर लिहून द्या. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो दाब देत असताना, इंजिनाची वाफ टर्बोआधीच्या पाइपात येते. तयार पाइपावर तो फाटा नसेल किंवा कोणी बूच मारून बंद केला, तर क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि मिळेल त्या सीलमधून ऑइल बाहेर पडतं. खर्च तिथं सुरू होतो.

ईस्ट_एमएच४९

सिलिकॉन होज कोणता घ्यावा? लोहा ओळीत निळे, लाल, काळे सगळे मिळतात.

लोहाओळी_क्लिप

रंगाला महत्त्व नाही. ओढीच्या बाजूला तारेची गुंडाळी असलेला किंवा निदान चार थरांचा, ५ मिमी जाडीचा. पातळ होज पूर्ण जोरात आत चिमटतो आणि गाडी बंद केल्यावर पुन्हा गोल होतो, त्यामुळे बघायला गेलं की काहीच सापडत नाही. दुसरं, साधं सिलिकॉन ऑइलच्या वाफेने वर्षभरात फुगून मऊ पडतं. व्हेंटच्या फाट्यानंतरच्या तुकड्याला आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेलाच घ्या, चिमूटभर महाग पडतो पण टिकतो.

पाइपाच्या टोकाला उभार हवाच. सपाट टोकावर क्लिप कितीही आवळली तरी होज सरकतो. क्लिप आवळताना होजचं रबर पट्टीच्या खाचांतून वर यायला लागलं की थांबा, पुढं आवळलं तर होज कापला जातो. आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप मागा. इंजिन डुलतं, डबा बॉडीला घट्ट असतो, म्हणून दोघांमध्ये कुठंतरी निदान ४०-५० मिमीचा मोकळा लवचिक तुकडा राहू द्या. सगळं ताठ जोडलं तर सहा महिन्यांत डब्याचा कान तुटतो.

हिंगणा_फॅब्रिकेशन

आता मूळ प्रश्नाकडे. माझं मत : कंपनीचाच डबा ठेवा आणि त्याची पुढची बाजू सुधारा. एफ३० चा स्नॉर्कल किडनी ग्रिलच्या मागून, रेडिएटरच्या वरच्या कडेवरून हवा घेतो. जागा मुळातच चांगली आहे. खराब होतात ते जोड.

स्नॉर्कल आणि डबा जिथं एकमेकांत बसतात तिथं दिवसा बोनेट उघडून टॉर्च आतून मारा. उजेडाची चीर दिसली तर तिथून रेडिएटरची तापलेली हवा आत येते. ईपीडीएम रबराची स्वयंचिकट पट्टी, ६ ते ८ मिमी जाड, जोडाला फिरवा. बोनेट बंद करून पुन्हा उघडल्यावर पट्टीवर सलग दाब उमटला पाहिजे. पट्टीवर खडूची पूड लावून बोनेट आपटलं की बोनेटखाली रेघ उमटते. रेघ जिथं तुटते, तिथं फट आहे. ग्रिलच्या कडेने रेडिएटरच्या वरून हवा मागे निसटत असेल तर तिथंही पट्टी. या कामात ईसीयूचं पेट्रोलचं गणित जराही बदलत नाही, आणि मॅफच्या तापमानातला फरक बहुतेक वेळा इथंच निघतो.

पाण्याच्या नळीने स्नॉर्कलच दोषी ठरवला, तर मग तो रुंद करा. साचा बनवून फायबर ग्लास किंवा ३डी प्रिंट. प्रिंट करताना पीएलए वापरू नका, ते ६० अंशांनाच नरमतं आणि मे महिन्यात उभ्या गाडीत वाकतं. पीईटीजी ८० च्या आसपास तग धरतं, तेही काठावर. एएसए किंवा एबीएस घ्या, भिंत ३ मिमी, आतून घासून एक हात इपॉक्सी. एखादा तुकडा सुटून टर्बोत जाऊ शकेल असा कोणताही भाग फिल्टरनंतर प्रिंट करून लावायचा नाही. फिल्टरच्या आधी चालेल.

रॅम एअरच्या नादात फार खर्च करू नका. १२० च्या वेगाला वाऱ्याचा पूर्ण दाब पकडला तरी ५९० पास्कल, ६० च्या वेगाला दीडशेसुद्धा नाही. ताजी हवा मिळावी म्हणून तोंड पुढं हवं, दाब मिळावा म्हणून नव्हे.

सिव्हिललाइन्स_एस्टेट

उघड्या कोनाबद्दल कोणी धुळीचा मुद्दा काढला नाही. नागपुरात तो उष्णतेइतकाच मोठा आहे. कोराडी-खापरखेड्याकडची राख, उमरेड रोडचा कोळसा, वर्षभर चालणारी सिमेंट रस्त्यांची कामं. या धुळीत सिलिका असते, आणि कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा झिजवते ती हीच.

कंपनीचा चौकोनी कागदी फिल्टर घड्या उलगडल्या तर साधारण कोनापेक्षा जास्त क्षेत्रफळाचा निघतो. त्यामुळे धूळ साचली तरी अडथळा हळू वाढतो. ऑइल लावलेला सुती कोन सुरुवातीला मोकळा असतो, पण बारीक धूळ जास्त सोडतो, आणि धुतल्यावर ऑइल जास्त झालं तर ते उडून मॅफच्या फिल्मवर बसतं. मग वर सांगितलेला सगळा ट्रिमचा प्रकार. धुता येणाराच हवा असेल तर कोरडा, सिंथेटिक जाळीचा घ्या.

तपासायचं साधं तंत्र : मॅफनंतरच्या पाइपात, सेन्सरपासून लांब, व्हॅसलिनचा रुपयाएवढा पातळ ठसा लावा. ५०० किमीनंतर पांढऱ्या रुमालाने पुसा. रुमाल चोळला की बोटांना खर जाणवली, कणी-कणी लागली, तर फिल्टर किंवा त्याची कड धूळ सोडतेय. नुसता पिवळट डाग, खर नाही, तर ठीक. पुसताना पूर्ण पुसा, गोळा मागे ठेवू नका.

आपल्याकडे कागदी फिल्टर १०,००० ला बदला. पुस्तकातला आकडा स्वच्छ रस्त्यांसाठीचा आहे. एअर गनने फुंकून पुन्हा घालायची गॅरेजची पद्धत बंद करा, कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात.

वर्धारोड_३२८

कोनाचा विचार सोडला. एक शंका उरली. बंपरमध्ये, फॉगलॅम्पच्या मागे फिल्टर नेला तर हवा सगळ्यात थंड मिळेल ना?

सिव्हिललाइन्स_एस्टेट

मिळेल, आणि पावसाळ्यात पाणीही मिळेल. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी भरून वाहिला तेव्हा धरमपेठ-सीताबर्डीत गाड्या चाकांच्या वर बुडाल्या होत्या. तेवढं कशाला, नरेंद्रनगरचा अंडरपास दरवर्षी भरतोच. बंपरमधला फिल्टर जमिनीपासून फूटभर उंच असतो. सिलेंडरमध्ये पाणी गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बंद पडली की दुसऱ्यांदा स्टार्टर मारल्यावर उरलेलं नुकसान होतं. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन घेतलेलं असलं तरी न कळवलेला बदल निघाला तर दावा अडकतो. बंपरमध्ये नेऊ नका.

मॅफवाला

पेट्रोलबद्दल एक सूचना, नाहीतर आधी-नंतरची तुलना चुकेल. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला १३.५. त्यामुळे ई१० वरून ई२० वर गेलं की इनटेकला हात न लावताही ट्रिम चार टक्के वर जाते. लोक कोन लावल्याच्या दिवशीच टाकी भरतात आणि दोष पाइपाला देतात. ट्रिमचं आधीचं आणि नंतरचं लॉगिंग एकाच टाकीवर, सलग दोन दिवस, दिवसाच्या त्याच वेळी करा. फरक तीन-चार टक्क्यांच्या आत असेल तर सोडून द्या. आठच्या वर गेला तर गळती शोधा, ॲडॅप्टेशन (ईसीयूने साठवलेल्या दुरुस्त्या) पुसून लाइट घालवू नका.

ईस्ट_एमएच४९

आरटीओचं काय? एमएच ३१ असो की ४९, पकडलं तर?

सिव्हिललाइन्स_एस्टेट

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं आहे. कलम १८२अ(४) मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याच डब्यात त्याच मापाचा फिल्टर बदलणं ही देखभाल. फटींना रबर लावणंही तसंच. डबा काढून उघडा कोन लावणं, व्हेंट हवेत सोडणं हे बदल. पीयूसीत लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं) ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो, गळती असेल तर तिथंही अडकाल. मूळ डबा, सगळे स्क्रू आणि ग्रोमेटसह, टाकून देऊ नका.

बूस्ट_कामठीरोड

वर्धारोड भाऊ, क्रम असा ठेवा. आधी नवा कागदी फिल्टर आणि धूर चाचणी. मग पाण्याची नळी आणि तीन तापमानांचा लॉग, मूळ अवस्थेत. मग ईपीडीएम पट्टी आणि पुन्हा तोच लॉग. नवतपा २५ मे च्या आसपास लागतो, त्याआधी पहिला लॉग झाला तर दुसरा भर उन्हात घेता येईल, पण दोन्हींमध्ये बाहेरचं तापमान वेगळं असेल हे लक्षात ठेवून मॅफचं तापमान नव्हे, तर बाहेरच्या तापमानापेक्षा ते किती जास्त आहे तेवढंच ताडा. इंटरकूलरनंतरचं तापमान सिग्नलवरून निघाल्यावरही ७० च्या वर चिकटून राहत असेल, तर इनटेकवर आणखी एक रुपया घालू नका. इंटरकूलरच्या पुढच्या फिनमध्ये किडे आणि संत्र्याच्या बागांकडची माती भरलेली असते. बंपर काढून आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरची टोकदार धार फिन वाकवते.

वर्धारोड_३२८

नळी, ग्रोमेट आणि ईपीडीएम पट्टी आणायला घेतो. मॅनोमीटर भाऊ, डब्याच्या झाकणातलं भोक किती मिमीचं पाडू?

मॅनोमीटर

आधी ग्रोमेट आणा, मग त्याच्या खाचेचा व्यास मोजून तेवढंच. ४ मिमी नळीसाठीच्या ग्रोमेटला बहुतेक वेळा ७ ते ८ मिमीचं भोक लागतं. ड्रिल हळू फिरवा, जोर लावला तर तापलेल्या प्लास्टिकला चीर जाते. नळीचं टोक आतल्या भिंतीशी सपाट ठेवा, एक मिमीही आत डोकावू देऊ नका.